बावीस रंगांचा कान

खरं सांगतो मित्रांनो, अगदी खरं! माझ्या चारी चाकायची शपथ, दोन्ही शिंगायची शपथ! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर मले उद्याच्या उद्या वाळवी लागो! मंग म्हणू नका, का म्हातारा बैल नुसत्या गप्पा हाणते.

मी एक जुना लाकडी बैल आहे. उंची सव्वा वीत, चाकं चार, शिंगं दोन, कान एक. नागपुरात सदरमधल्या एका छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत उभा राहतो. तुम्ही मले पाहाले येता. मीबी तुमाले पाहतो, हे ध्यानात ठेवा. माझा कोणावर भरोसा नाही.

आता परवाचीच गोष्ट घ्या. काळा चष्मा लावलेला एक माणूस माझ्यापुढून तीनदा गेला. काहून गेला? पाण्याची टाकी त्या बाजूले आहे, मान्य. पण एका घंट्यात तीनदा तहान लागते का गा माणसाले? वर छताले एक डोळ्याचा कॅमेरा आहे, तो सगळ्यायवर नजर ठेवते. मंग त्याच्यावर कोण ठेवते? मी ठेवतो. अन् ही बाजूच्या पेटीतली तांब्याची परात. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगते, मी राजवाड्याच्या सैपाकघरातली. तिच्या बुडाले 'मामाकडून भेट' असं कोरलेलं मी सोता पाहिलं, जेव्हा तिले पुसाले उलटी केली तेव्हा. राजवाड्यात मामा परात देते का?

तर असा मी. पण मी असा जन्मापासून नव्हतो बरं. मले असं दुनियेनं केलं.

मले लहानूनं घडवलं. लहानू म्हणजे सक्करदऱ्याचा सुतार. अंगानं काडीसारखा, पण हातात रंधा आला का लाकूड त्याच्यापुढं लोण्यासारखं. तान्हा पोळा आला का नागपुरात लाकडी बैलांचं पीक येते, हे तुमाले माहीत आहे. मोठ्या पोळ्याले शेतातले खरे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडाचे बैल सजवून घरोघर नेतात. लोकं बैल पाहतात, पोरायच्या हातावर खाऊ ठेवतात. त्या खाऊले बोजारा म्हणतात. एका बोजाऱ्यासाठी पोट्टे दहा गल्ल्या पालथ्या घालतात.

लहानू दरसाल मोठमोठ्या घरायसाठी बैल घडवे. कोणाचा हातभर, कोणाचा घोड्याएवढा. वशिंड असं, का हात फिरवला तर गरम लागावं. पण बैल लहानूचा अन् नाव बाजारातल्या दुकानदाराचं. 'कुठून आणला?' विचारलं का लोक दुकानाचं नाव सांगत. 'घडवला कोणी?' हे कोणी विचारेच नाही. एखाद्यानं विचारलंच, तर नाव ऐकून विषय बदले. लहानू पुढच्या बैलाचा खूर कोरे.

ज्या साली त्यानं घरातच सोताचं सुतारकामाचं दुकान टाकलं, त्या साली शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा उरला. त्याचा मी झालो. मी कोणाच्या ऑर्डरीचा नाही. दुकानाच्या उंबऱ्यावर नमुना म्हणून मले उभा केला. मले तेव्हापासूनच शंका, का हा मले विकन. गिऱ्हाईक आलं का मी श्वास रोखून धरो. पण लहानू म्हणे, "तो नाही देत. तो घरचा आहे."

अन् माझा रंग! मोठ्या लोकायचे बैल रंगवून झाले का डब्याच्या बुडाशी जो रंग उरे, तो मले लागे. दरसाल एक हात. एका साली हिरवा, एका साली तपकिरी, एका साली तर अर्धा लाल अन् अर्धा पिवळा, कारण दोन्ही डब्यात थोडाथोडाच उरला होता. मले वाटे, हा माझी मजाक करून राहिला. एकावर एक, एकावर एक, असे अठरा साल अठरा हात बसले.

मंग छप्पन साल आलं. त्या साली ऑक्टोबर महिन्यात लहानू पांढरे कपडे घालून घराबाहेर गेला. सारं सक्करदरा पांढरं होऊन जाताना मी उंबऱ्यावरून पाहिलं. एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मले वाटलं, आता हे सगळे मिळून कुठं चालले, अन् आपल्याले काहून नाही नेलं? संध्याकाळी तो वापस आला. चेहरा असा, जसा कोणी आतून रंधा मारला. आला अन् माझ्या कपाळाचं गंध पुसलं, गळ्यातला हार काढला.

"आजपासून तू देव नाही," म्हणे.

मी घाबरलो. देव नाही म्हणजे मंग सरपण का काय?

दुसऱ्या सालच्या तान्ह्या पोळ्याले तो बाजारात गेला अन् निळ्या रंगाचा एक डबा घेऊन आला. उरलेला नाही बरं, नवा. झाकण माझ्यापुढं उघडलं. आयुष्यात माझ्यासाठी विकत आणलेला तेवढा एकच रंग. मले निळा केला अन् पोरायच्या हाती दिला. "पूजा नाही करायची," म्हणे. "खेळा. लाकूड आपलं आहे, हात आपला आहे."

मित्रांनो, खरं सांगतो, देव होतो तेव्हा लोक मले दुरून हात जोडत. खेळणं झालो तेव्हा लोकायनं मले हातात घेतलं.

लहानूची दोन पोरं मले ओढत. मोठा देवाजी, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान प्रेमिला. घरी तिले पमी म्हणत. अन् आता येते ती गोष्ट, जिच्यानं माझा साऱ्या दुनियेवरचा भरोसा उडाला.

साल एकोणीसशे साठ. तान्ह्या पोळ्याचा दिवस. मले सकाळीच बाविसावा हात लागला होता, पोपटाच्या पिसासारखा हिरवा. तिकडे इतवारीच्या धान्याच्या गोदामात एक घूस होती. घूस म्हणजे उंदराची मोठी बहीण, पण ही तर वासराएवढी! गहू खाऊन खाऊन माजलेली. मिशा खराट्यासारख्या. ती इतवारीपासून जमिनीखालून बीळ करत करत निघाली. वाटेत तीन विहिरींचं पाणी पिली, एका न्हाव्याचा आरसा फोडला, अन् सक्करदऱ्यात लहानूच्या घरातच डोकं वर काढलं. तिनं मले पाहिलं. मी तिले पाहिलं. मी शिंग रोखलं. तिनं माझा डावा कान धरला अन्... कट्ट! कान तोंडात घेऊन आल्या बिळानं चालली गेली. मी हंबरलो. पण लाकडाचा पडलो, कोणाले ऐकू नाही गेलं.

हे सारं पाहणारी एकच होती, ती म्हणजे आठ वर्षांची पमी. तिनंच बापाले सांगितलं.

"बा, बैलाचा कान घुशीनं नेला."

लहानूनं माझ्याकडं पाहिलं. मंग पमीकडं पाहिलं. मंग कोपऱ्यातल्या बिळाकडं पाहिलं.

"केवढी होती वं घूस?"

"एवढी!" पमीनं दोन्ही हात पसरले.

"मंग मोठीच होती," लहानू म्हणे. अन् त्यानं विटा-माती घेऊन ते बीळ बुजवून टाकलं.

नवा कान करणं म्हणजे लहानूले एका विडीचं काम. पण त्यानं नाही केला. कोणी म्हटलं, तर म्हणे, "सापडन तो. सापडला का बसवू." मरेपर्यंत तेच म्हणत राहिला. मले वाटलं, आपल्यावरचं मन उडालं याचं. अन् साठनंतर त्यानं मले रंगबी नाही लावला. मंग तर माझी खात्रीच झाली.

लहानू गेला. पमीची प्रेमिला झाली, सरकारी दवाखान्यात नर्स झाली, तिचं लग्न झालं. तिच्या सामानासंग मीबी आलो, अन् माळ्यावर गेलो. एका बाजूले पितळी घंगाळ, दुसऱ्या बाजूले जुन्या स्वेटरांचं गाठोडं. तिथं मी किती वर्षं काढली, ते विचारू नका. धूळ अशी, का माझ्यावर भाजी लावता आली असती. घरात कोणी 'भंगारवाला आला' म्हटलं, का माझी चाकं थरथरत.

मले खाली आणलं ते दीक्षानं. दीक्षा म्हणजे प्रेमिलाची नात, वय दहा, प्रश्न दहा हजार. स्वेटर काढाले चढली अन् मले घेऊन उतरली.

"आजी, याचा एक कान कुठं आहे?"

"घुशीनं नेला," प्रेमिला म्हणे, अन् भाजी निवडाले लागली. भाजी आधीच निवडून झाली होती, हे मी पाहिलं.

रिटायर झाल्यावर प्रेमिलाले एक नाद लागला होता. जुनं जे काही असन, ते जाऊन पाहायचं. रविवार आला का डब्यात पोळी अन् झुणका, पिशवीत पाण्याची बाटली, बोटाले दीक्षा, अन् निघाल्या दोघी. अजब बंगल्यात, म्हणजे मोठ्या सरकारी संग्रहालयात, जाऊन एका मूर्तीपुढं घंटाभर उभ्या राहत. पवनीले जाऊन जुन्या स्तूपाचे दगड पाहून आल्या. जुनापाणीले रानात मोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकायनं मांडलेली, त्या वर्तुळाच्या बाहेर बसून त्यायनं झुणका खाल्ला. आत नाही. "लोकायचं घर आहे ते," प्रेमिला म्हणे. अन् संग्रहालयात गेली का तिचं एकच चालू: "दीक्षे, हात नको लावू! दीक्षे, काचेले नाक नको लावू! आपल्यानं तुटलं तर पुन्हा होत नाही वं पोरी!"

दीक्षा आता मलेबी पिशवीत घेऊन जाले लागली. एका रविवारी यष्टीनं मानसरले गेलो. तिथं टेकडीवर जुन्या विटांचं मोठं बांधकाम खणून काढलं आहे. मी पिशवीतून डोकं काढून पाहिलं, अन् माझं लाकूड गार पडलं. जिकडं तिकडं खड्डे! मले वाटलं, झालं. मले इथं पुरतीन, शंभर वर्षांनी काढतीन, अन् म्हणतीन, पाहा, केवढा जुना बैल सापडला!

पण पुरलं-बिरलं नाही. तिथं माहिती सांगणारे एक सर होते. त्यायनं मातीची उभी कापलेली भिंत दाखवली. कुठं राख, कुठं विटांचा चुरा, कुठं पिवळी माती. म्हणे, "हे थर आहेत. सगळ्यात वरचा नवा, खाली खाली जावं तसा जुना. कोणी मधातच खणून गेलं, तर मंग आम्हाले काही वाचता येत नाही."

दीक्षा भिंतीकडं पाहत राहिली. मंग तिनं मले पिशवीतून काढलं अन् माझा मागचा पाय डोळ्यापाशी नेला. तिथला रंग टवका उडून निघाला होता.

"आजी! बैलालेबी थर आहेत! हे पाह्य, हिरवा, लाल, पांढरा... अन् हा निळा!"

प्रेमिलानं चष्मा लावला. निळ्यावर तिचं बोट थांबलं. मंग तिनं लहानूचं सारं सांगितलं, तिथंच टेकडीवर बसून. डब्याच्या बुडाचे रंग, तो नवा निळा डबा, दुकानदाराचं नाव. दीक्षानं विचारलं, "मंग त्यायचं नाव कुठंच नाही लिहिलं का?"

"नाही वं," प्रेमिला म्हणे. "एवढे बैल नाचून गेले नागपुरात, एकाच्यावरबी नाही."

पंधरा दिवसांनी पेपरात बातमी आली. सदरच्या या संग्रहालयात तान्ह्या पोळ्याच्या जुन्या लाकडी बैलांचं दालन होणार, ज्यांच्या घरी जुने बैल असतीन त्यायनं घेऊन यावे, निवडलेल्या बैलापुढं घडवणाऱ्याच्या नावाची पाटी लागन. प्रेमिलानं ती बातमी कात्रीनं कापून उशीखाली ठेवली.

अन् मंग, मित्रांनो, त्या शहाण्या बाईनं काय करावं?

दीक्षा शाळेत गेली तशी तिनं मले कापडात गुंडाळलं अन् थेट इतवारीत एका पेंटरकडं नेलं! हातगाड्या, टेम्पो, भांड्यांचा खणखणाट, अन् मधात मी. मले पक्कं वाटलं, आज विकते.

"काय करू आजी याचं?" पेंटर म्हणे.

"नवरदेव कर. संग्रहालयात जाणार आहे तो."

"मंग पूरा घासावं लागन. लै पापुद्रे आहेत."

"घास ना बापा. तान्ह्या पोळ्याले मळका बैल कोणी नेते का?"

म्हणजे पाहा! दुसऱ्याच्या मूर्तीले बोट लावू न देणारी बाई, पण घरचा बैल चारचौघात न्यायचा म्हटलं का तो चकचकीतच पाहिजे. सक्करदऱ्यात वाढलेल्या माणसाले हे कोणी शिकवावं लागत नाही, ते हाताले आपोआप येते. पेंटरनं चाकू घेतला, पॉलिश पेपर घेतला, अन् मले पार लाकडापर्यंत घासला. माझा हिरवा गेला, तपकिरी गेला, अर्धा लाल अर्धा पिवळा गेला. निळा जाताना मी डोळे मिटले. मंग पांढरा ऑइलपेंट, सोनेरी शिंगं, पाठीवर गुलाबी झूल. पेंटर पत्र्याचा एक कानबी बसवणार होता, पण प्रेमिला एकदम ओरडली, "त्या जागेले हात नको लावू! ते खोबण तसंच राहू दे!"

काहून ओरडली? मले तेव्हाच शंका आली होती.

खोटं काहून बोलू, आरशात पाहून मले बरंच वाटलं. दुकानातले लोक म्हणत, वा वा! पण संध्याकाळी दीक्षा आली, दप्तर टाकलं, मले उचललं, अन् माझा मागचा पाय पाहिला.

"आजी... थर कुठं गेले?"

"कायचे थर?"

"मानसरच्या सरांनी नव्हतं का सांगितलं? कोणी मधातच खणून गेलं तर वाचता येत नाही!"

प्रेमिला पलंगावर खाली बसली. मंग म्हणे, "माय वं. मीच खणून फेकलं."

दुसऱ्या दिवशी तरी आम्ही सदरले गेलोच. संग्रहालयात केशवराव म्हणून साहेब होते, वस्तू पारखणारे. कोणतीबी वस्तू ते अशी पाहत, जशी ती आताच खिसा कापून आली. मले वाटलं, अरे, हा तर माझाच भाऊ! त्यायनं मले नखानं वाजवलं, उलटा केला, वास घेतला.

"आजी, हा बैल मागच्या आठवड्यातला आहे."

"माझ्यापेक्षा मोठा आहे तो!"

"ऑइलपेंटचा वास येतोय."

"वास तर माझ्या नव्या लुगड्यालेबी येते. मंग मी काय मागच्या आठवड्यातली आहो?"

केशवराव हसले नाहीत. "तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही मी. पण असे बैल इतवारीत ढिगानं मिळतात. पाटी एकदा लागली की लोक ती खरी मानतात. म्हणून मी नुसत्या सांगण्यावरून पाटी लिहीत नाही, पुरावा पाहून लिहितो."

"होता पुरावा," प्रेमिला म्हणे. "बावीस रंग होते त्याच्यावर. मीच घासून टाकले." अन् मंग तिचा आवाज बदलला. "साहेब, माझ्या बापानं हयातभर बैल घडवले. त्याचं नाव एका खिळ्यावरबी नाही. आता मी पंचाहत्तरीले आली. माझ्यामागं हे सांगणारंबी कोणी राहणार नाही. एक पाटी पाहिजे फक्त."

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला. "शुक्रवारी यादी बंद होते. काही सापडलं तर आणा."

ऑटोत दीक्षा बाहेर पाहत होती, प्रेमिला माझ्या रिकाम्या खोबणावर अंगठा ठेवून बसली होती. घरी आल्यावर तिनं पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. साड्या काढल्या, नर्सची टोपी काढली, तळाशी एक पावडरचा डबा होता, गंजलेला. तो घेऊन ती दहा मिनिटं तशीच बसली. मले वाटलं, दागिने आहेत, माझ्यादेखत नाही उघडणार. मंग तिनं उघडला.

आत कापसात माझा कान होता!

पासष्ट वर्षांनी मी माझा कान पाहिला, मित्रांनो. पोपटाच्या पिसासारखा हिरवा.

"आजी!" दीक्षा ओरडली. "हा तुयाजवळ कसा?"

"बिळात सापडला. घुशीच्या."

"कधी?"

"सापडला असन कधीतरी."

दीक्षानं कान उजेडात धरला, उलटापालटा केला. "पण याच्यावर दाताचे निशाण नाहीत."

"म्हातारी घूस होती," प्रेमिला म्हणे. "दात पडले असतीन तिचे."

दीक्षानं आजीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या पोरीची नजर मले ओळखीची वाटली, म्हणजे माझ्यासारखीच. पण तिनं कान पुन्हा कापसात ठेवून दिला.

गुरुवारी आम्ही पुन्हा केशवरावांपुढं. त्यायनं आधी कान माझ्या डोक्यापाशी आणला. कानाचं अर्धं तुटकं कुसू, म्हणजे खोबणात बसणारं लाकडाचं टोक, अन् माझ्या खोबणातलं अर्धं, दोन्ही भेटले. असे भेटले, का मधात केस जाणार नाही. मंग त्यायनं भिंग घेतलं अन् कानाच्या तुटक्या कडेवर धरलं. तिथं रंगायच्या बारीक रेघा दिसत होत्या, एकाखाली एक.

केशवराव मोजाले लागले. मी हललो नाही. तसा मी कधीच हलत नाही, पण त्या वेळी मुद्दाम नाही हललो.

"बावीस," ते म्हणाले. मंग पुन्हा मोजले, कारण त्यायचा सोतावरबी भरोसा नाही. "बावीस. आणि वरून चौथा निळा आहे. हा वेगळाच दिसतो, जाड, चांगल्या प्रतीचा."

"तो नवा डबा होता," प्रेमिला म्हणे. "धम्मदीक्षेनंतरचा पहिला तान्हा पोळा. सत्तावन साल."

दीक्षानं बोटं मोजली. "निळ्याच्या खाली अठरा. म्हणजे पहिला रंग एकोणचाळीस साली लागला, सर! अन् वर तीन. म्हणजे कान साठ साली तुटला."

केशवरावांनी मान डोलवली. मंग भिंगातून थेट प्रेमिलाकडं पाहिलं. "आजी, पाटीवर सगळं लिहावं लागतं. कान तुटला कसा?"

प्रेमिलानं दीक्षाकडं पाहिलं. दीक्षा एकदम म्हणे, "घुशीनं, सर. वासराएवढी होती. दात नव्हते."

अन् केशवराव, जो कशावरच विश्वास ठेवत नाही, तो माणूस पहिल्यांदा हसला. "बरं," म्हणे. "घरच्यांच्या सांगण्यानुसार, असं लिहितो."

पाटी आता माझ्यापुढंच आहे, तुम्ही वाचली असन. 'लाकडी बैल. घडवणारे: लहानू, सुतार, सक्करदरा, नागपूर. पहिला रंग सन १९३९. डावा कान, घरच्यांच्या सांगण्यानुसार, घुशीने तोडलेला.' ज्या दिवशी लावली त्या दिवशी दीक्षानं मोठ्यानं वाचली. प्रेमिला म्हणे, "पुन्हा वाच." दीक्षानं पुन्हा वाचली. "फक्त नाव वाच." दीक्षानं नाव वाचलं. मंग प्रेमिलानं पदरानं काच पुसली. काच साफच होती.

कान मले चिकटवला नाही. तो माझ्या बाजूले एका कापडाच्या तुकड्यावर ठेवला आहे. केशवराव लोकायले सांगतात, "बैल रंगवलेला आहे, कान मात्र अस्सल आहे." लोक मंग माझी सोनेरी शिंगं सोडून त्या कानालेच पाहतात, फोटो काढतात. सव्वा वीत मी, अन् मान कोणाले, तर दोन बोटाच्या कानाले! तो आता जरा शेफारला आहे असं मले वाटते. नजर ठेवून आहो.

तर मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरात जुनं काही सापडलं तर त्याले नवरदेव करू नका. मळ दिसला तर आधी विचारा, का हा मळ आहे का कोणाचा हात आहे. तुटलेला तुकडा फेकू नका, डब्यात ठेवा, कापूस घालून. संग्रहालयात जा, मानसरले जा, पवनीले जा, डबा घेऊन जा. पण काचेले नाक लावू नका, मले दिसते. अन् कोणतीबी सुंदर वस्तू पाहिली तर ती कोणाची, हे नंतर विचारा. घडवली कोणी, हे आधी विचारा.

आता जाता जाता एक कबूल करतो. वाळवीची शपथ घेतली होती ना, तिचं भ्या वाटून राहिलं. सगळं खरं सांगितलं, एक सोडून. ती घूस नव्हती.

घूस नव्हती, गोदाम नव्हतं, न्हाव्याचा आरसाबी फुटला नाही. त्या दिवशी पमीले मले घेऊन गल्लीत जायचं होतं. देवाजी म्हणे, "पोट्टी बैल नेते का वं कुठं?" अन् त्यानं माझी दोरी हिसकली. पमीनं मले कानाले धरून ओढलं. कट्ट! देवाजी घाबरून पळाला. पमी नाही पळाली. तिनं कान परकराच्या ओच्यात बांधला, मले काखेत मारलं, अन् एका कानाचा बैल घेऊन सारी गल्ली फिरली. एका घरी तिले रेवडी भेटली. तिनं ती अर्धी तोडली अन् आधी माझ्या ओठाले लावली. पासष्ट वर्षं झाली, मी तिचं नाव नाही घेतलं.

लहानूनं बीळ बुजवलं तेव्हा त्यालेबी माहीत होतं, ते बीळ उंदराचंबी नाही, नुसती भिंतीची माती पडली होती. नवा कान त्यानं काहून नाही केला, रंग काहून थांबवला, ते तुमाले आता समजलं असन. तो वाट पाहत होता, का पोरगी तो कान आणून देईन. तिनं आणला, थोडा उशिरा.

दर रविवारी त्या दोघी येतात. तुम्ही तेव्हा इथं असाल, तर प्रेमिलाजवळ घुशीचं नाव काढा. ती अजूनबी दोन्ही हात पसरून दाखवते. आजकाल दीक्षा तिच्याहून मोठे पसरते.